एक सोडून

दिनांक १२ जानेवारी २०२५, रविवार, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. टेबलावर वस्तू चार: चष्मा, पुस्तक, नऊ ओळींचा एक कागद आणि टेप. टेप चामड्याच्या गोल घरात होता, गुंडाळण्याची पितळी मूठ बोटाच्या सवयीने एका बाजूने झिजलेली, आणि घराच्या फटीतून त्याचे टोक बाहेर डोकावत होते – पिवळट, कडेने दशा सुटलेले. त्या टोकाशी दिसणारा पहिला आकडा शून्य नव्हता, एक होता. तीस मीटरचा टेप, शिल्लक एकोणतीस. पहिला मीटर फार वर्षांपूर्वी एका रस्त्याच्या कामावर रोलरखाली गेला. तेव्हापासून एकच्या खुणेवर धरायचे आणि आलेल्या आकड्यातून एक वजा करायचा. नवा टेप येईपर्यंतची ती तात्पुरती व्यवस्था नऊ वर्षे चालली, आणि निवृत्तीच्या दिवशी निकामी साहित्याच्या यादीतून हा टेप खर्डे यांनी रीतसर सही करून घरी आणला.

मच्छिंद्र खर्डे, निवृत्त कनिष्ठ अभियंता, वय एकाहत्तर, यांना पहाटेपासून आनंद होत होता, आणि त्या आनंदाचे कारण निश्चित करता येत नसल्यामुळे ते किंचित अस्वस्थही होते. कारणे तशी उघड होती. थंडी छान पडली होती, शर्टाला कडक इस्त्री होती. आज अकरा वाजता नगरला ॲडव्होकेट अंगद टेकाळे यांच्या पुस्तकावर कार्यक्रम होता – महाराष्ट्रभर गाजलेले सरकारी वकील, आता लेखक – आणि त्या कार्यक्रमात खर्डे यांचा सत्कार होणार होता. पुस्तकाचे नाव ‘बाजू सरकारची, मत माझं’. पान एकशे सत्तेचाळीस. ते पान त्यांनी अकरा वेळा वाचले होते, आता बारावी वेळ:

‘पस्तीस वर्षांच्या वकिलीत एका साक्षीदाराने मला हरवले, आणि मी त्याचा कायमचा ऋणी आहे. कोल्हारच्या या ओव्हरसियरने आपल्या खलाशाची चूक लपवली असती, तर एक निर्दोष तरुण आजही जन्मठेप भोगत असता.’

आपल्या खलाशाची चूक. वाक्य सुबक होते. रेषा सरळ, अक्षर सुटे, अंतर समान – तंत्रनिकेतनात ड्रॉइंगच्या सरांनी असेच लिहायला शिकवले होते – आणि तरी बाराव्या वेळीही त्या चार शब्दांपाशी डोळा अडखळला, जसे गुळगुळीत गिलाव्यावरून हात फिरवताना एका जागी आत पोकळ असल्याचे बोटांना कळते.

पत्नी मनकर्णाबाईंनी चहा ठेवला आणि नऊ ओळींच्या कागदाकडे पाहून विचारले की भाषण पाठ झाले का. झाले, ते म्हणाले. मग टेप कशाला घेताय बरोबर, असे त्यांनी विचारले. टेप पिशवीत आधीच गेला होता; केव्हा गेला, ते खर्डे यांनाही आठवेना.

बसस्टँडवर दाऊद आधीच येऊन उभा होता. दाऊद शेख, निवृत्त खलाशी – पाण्याशी आयुष्यात संबंध आला नाही, पण खात्यात टेपचे टोक आणि मोजणीचा दांडा धरणाऱ्याला खलाशीच म्हणत – पांढरा स्वच्छ पायजमा, नवी टोपी, अत्तराचा वास. त्याला बोलावणे नव्हते. पुस्तकातल्या माणसाला कशाला बोलावणे लागते, असे तो स्वतःच दोन दिवसांपूर्वी म्हणाला होता.

“तमन्नानं वाचून दाखिवलं,” बसमध्ये बसता बसता दाऊद म्हणाला. तमन्ना म्हणजे त्याची नात. “दोनदा वाचाया लावलं. माझं नाव न्हाई, पन खलाशी म्हंजी मीच की. दुसरा कोन हुता?”

“दुसरा कोणी नव्हता.”

“मग झालं तर. चूक का आसंना, छापून तर आलो. तुमच्या शेजारी.”

तो हसला. त्याच्या हसण्यात काही लपलेले आहे का, हे खर्डे यांनी तपासून पाहिले – तळाशी काही सापडले नाही. दाऊद खरोखर आनंदात होता, आणि ते पाहून त्यांच्या आनंदाला एक बारीक तडा गेला, केसाएवढा, अशा तड्यांची खात्यात नोंद घेत नाहीत, फक्त वर काचेची पट्टी चिकटवून ठेवतात आणि पुढच्या भेटीत ती फुटली आहे का ते बघतात.

बस राहुरीच्या दिशेने निघाली. खिडकीबाहेर उसाचे फड, धुके, एक ट्रॅक्टर… आणि धुक्यातून तो बोळ आला. येणारच होता.

ते २००३ साल. नदीकाठच्या एका गावात सोसायटीच्या निवडणुकीच्या दिवशी, भर दुपारी, एका उमेदवाराच्या डोक्यात दगड बसला आणि आठ दिवसांनी तो माणूस गेला. विरोधी पॅनेलचा एकवीस वर्षांचा मुलगा पकडला गेला. साक्षीदार एकच होता, चहावाला. त्याने दुकानाच्या दारातून, सोसायटीचे गोदाम आणि शाळेची भिंत यांमधल्या बोळातून, पलीकडच्या हातपंपाशी दगड उचलताना त्या मुलाला पाहिले होते. म्हणजे सगळे त्या बोळावर आले. बोळ रुंद असेल तर हातपंप दिसतो, अरुंद असेल तर दिसत नाही. पोलिसांनी नकाशासाठी बांधकाम खात्याचा माणूस मागवला आणि खर्डे दाऊदला घेऊन गेले.

गाव जमले होते. दाऊदने टेपचे तुटके टोक शाळेच्या भिंतीला लावले, एकच्या खुणेवर अंगठा दाबला आणि दर वेळी ओरडायचा तसा ओरडला, “एक सोडून!” ही त्यांची दोघांची पद्धत, एकदाही तो ओरडायचा राहिला नाही. गोदामाच्या भिंतीशी आकडा दिसत होता, १.९०. एक सोडून ०.९०. आणि नेमक्या त्या क्षणी शेजारी उभा असलेला फौजदार वहीत डोकावून म्हणाला, “रावसाहेब, अक्षर काय छापल्यासारखं आहे हो तुमचं.” खर्डे हसले. सुखावले. लिहिले १.९०, आणि त्यातला नऊ तर विशेषच चांगला आला.

दाऊद ओरडला नव्हता असे नाही. मी ऐकले होते. स्पष्ट ऐकले होते. फक्त त्याच वेळी दुसरेही एक वाक्य ऐकले, आणि त्यातले जे गोड होते ते आत ठेवले.

बसने धक्का दिला. दाऊदने पिशवी सावरली आणि आत काय जड हाय, असे विचारले. टेप, असे सांगितल्यावर त्याचा चेहरा एकदम उजळला. जुन्या मित्राला कुणी लग्नाला आणावे तसा.

चूक उघडकीला आणली ती टेकाळे वकिलांनी, आणि कायद्याने नव्हे, देहाने. साक्षीच्या आदल्या दिवशी जागा स्वतः पाहायची त्यांची सवय होती. काळा कोट, प्रचंड शरीर. नकाशा हातात घेऊन ते बोळात शिरले, सहा पावले गेले आणि थांबले, कारण दोन्ही खांदे दोन्ही भिंतींना लागले होते. पुढे जाता येईना, वळता येईना. खर्डे आणि दाऊद, दोघांनी मिळून त्यांना मागे ओढले. कोटाला दोन्ही बाजूंनी चुना लागला होता. वकीलसाहेब हसले, खूप हसले, मग नकाशाकडे पाहून हसायचे थांबले.

“रावसाहेब, नकाशाप्रमाणे इथून बैलगाडी गेली पाहिजे. उद्या हे मीच विचारणार. विरुद्ध बाजूच्या वकिलाची वाट बघणार नाही.”

आणि त्यांनी विचारले. सरकारी वकिलाने स्वतःच्याच साक्षीदाराला, स्वतःचाच खटला पडेल असा प्रश्न. बोळाची रुंदी नकाशात आहे ती बरोबर आहे काय? नाही, नव्वद सेंटिमीटर आहे. फरक कशामुळे? टेप एक मीटर तुटलेला होता, तो वजा करायचा राहिला. मग न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहत एकच विचारले, टेपचे ते तुटके टोक कोणाच्या हातात होते?

खलाशी दाऊद शेख यांच्या.

प्रत्येक उत्तर खरे. टंकलेखकाने खरे तेच टाइप केले. पण ही खरी उत्तरे एकापुढे एक मांडली तेव्हा ज्या दिशेला बोट गेले, ती दिशा खोटी होती, आणि मी कठड्याला धरून उभा होतो, तोंड उघडायला एक सेकंद पुरला असता, आणि न्यायाधीश म्हणाले, साक्षीदाराने जावे.

मुलगा सुटला. मेलेल्या उमेदवाराचा पक्ष खवळला, सरकारी वकील विकला गेला असे जाहीर सभेत सांगितले गेले, आणि टेकाळे यांनी वर्तमानपत्रात उत्तर दिले की मला विकत घ्यायचे तर आधी तो बोळ रुंद करावा लागेल. राज्यभर हशा पिकला. टेकाळे मोठे झाले, खर्डे प्रामाणिक ठरले, दाऊदची मिरजगावला बदली झाली. जिल्ह्याचे दुसरे टोक. अडीच वर्षे. परत आला तेव्हा ऑफिसात त्याला ‘मीटरभाई’ म्हणू लागले होते, आणि तोही त्या नावाला ओ देऊ लागला. पुढे मुलाने कोल्हारला टायरचे दुकान टाकले, तेव्हा पाटीवर तेच नाव घातले: मीटरभाई टायर वर्क्स.

सभागृह भरले होते. दाऊद आठव्या रांगेत कडेला बसला, खर्डे यांना पहिल्या रांगेत नेले. टेकाळे आता बारीक झाले होते – मधुमेह, त्यांनीच सांगितले, आता त्या बोळातून मी पळत जाईन – आणि टाळ्या पडल्या. मग ते बोलू लागले, आणि खर्डे पुन्हा आनंदात बुडाले, कारण हा माणूस बोलायचा तेव्हा एखादी जुनी, नीट बसवलेली यंत्रणा सुरू झाल्यासारखे वाटायचे. दात दातात बसत जातात आणि घरघर येत नाही.

ते कोणालाच सोडत नव्हते. आरोपी पकडल्याच्या दिवशीच फाशीची घोषणा करणाऱ्या मंत्र्यांना त्यांनी विचारले की मग न्यायाधीशाला पगार कशासाठी देता. आरोपी सुटला की न्याय मेला म्हणणाऱ्यांना सांगितले, सरकारी वकिलाचे काम जिंकणे नाही, खटला उभा करणे आहे. आणि उभा राहत नसेल तर त्याला मागून टेकू देणे हा गुन्हा आहे, मग तो टेकू जमावाचा असो की पक्षाचा. निकाल लागल्यावर हारतुरे घेणाऱ्या वकिलांची त्यांना लाज वाटते, असे ते म्हणाले. स्वतः तीन वेळा घेतले, हेही म्हणाले. निवडणुकीची तिकिटे त्यांना दोन पक्षांनी देऊ केली होती.

“मी विचारलं, आपल्या सरकारची चूक झाली तर सभागृहात उभं राहून बोलता येईल का? एक जण म्हणाला, चूक झाली असं म्हणता येईल. मी म्हटलं, झाली नव्हे, मी केली, असं? तो म्हणाला, साहेब, तसा प्रसंग अजून आलेला नाही.” ते थांबले. लोक हसत होते. “तसं म्हणणारा पुढारी कुणाला भेटला तर मला कळवा. मी त्याच्या प्रचाराला पदरचं खाऊन येईन.”

सभागृह हसत होते, आणि खर्डे यांच्या आत ती काचेची पट्टी फुटली. आवाज झाला नाही. आश्चर्य असे की दुखलेही नाही; उलट पहाटेपासून ज्या आनंदाचे कारण सापडत नव्हते ते एकदम समोर दिसले. टेप पिशवीत कोणी ठेवला, का ठेवला… हात आधी ठरवतो. चांगल्या गवंड्याचा, चांगल्या ड्राफ्ट्समनचा हात आधी ठरवतो, डोके मागून पोचते.

नाव पुकारले गेले. ते पिशवीसकट व्यासपीठावर गेले. शाल आली, श्रीफळ आले, आणि माईक आला. नऊ ओळींचा कागद खिशातच राहिला.

त्यांनी टेप बाहेर काढला. आधी त्यांनी जागा, वार आणि वेळ सांगितली, कारण वर्णनाची तीच पद्धत त्यांना येत होती. मग टेपची लांबी, तुटलेला भाग, मोजण्याची रीत. सभागृहाला हे कशासाठी ते कळत नव्हते, आणि पहिल्या रांगेतले एक गृहस्थ घड्याळ पाहू लागले. मग त्यांनी आठव्या रांगेकडे पाहिले. बेचाळीस वर्षांच्या ओळखीत त्यांनी दाऊदला कधी अहो-जाहो केले नव्हते.

“दाऊदभाई, उभे राहा. त्या दिवशी भिंतीला टेप लावल्यावर तुम्ही काय ओरडला होता?”

दाऊद उभा राहिला. त्याने आजूबाजूला पाहिले, टोपी नीट केली. एकोणसत्तर वर्षांचा माणूस. पण आवाज उघड्या माळावर तीस मीटर पलीकडच्या माणसासाठी घडलेला होता.

“एक सोडून!”

छताचे पंखे हलल्यासारखे वाटले. दोनशे माणसे वळली.

“मी ते ऐकलं होतं,” खर्डे म्हणाले. “ऐकूनही वजा केलं नाही. फौजदार माझ्या अक्षराची स्तुती करत होते, माझं लक्ष तिकडे होतं. कोर्टात यांचं नाव निघालं तेव्हा मी गप्प राहिलो. पान एकशे सत्तेचाळीसवर खलाशाची चूक असं छापलं आहे. खलाशाची नाही. माझी.”

शाल खांद्यावरून घसरत होती आणि ती सावरण्याची इच्छा होत नव्हती. टेकाळे खुर्चीतून सावकाश उठले, माईकपाशी आले, खर्डे यांच्याकडे कोर्टातल्यासारखे बराच वेळ पाहिले.

“बावीस वर्षांनी माझा साक्षीदार फितूर झाला,” ते म्हणाले, आणि सभागृह फुटले. हशा ओसरल्यावर ते पुढे म्हणाले की पुस्तकातले सर्वात आवडते वाक्य आज पडले. दुरुस्ती लेखी द्यावी. पुढच्या आवृत्तीत बदल करीन असे वचन मात्र ते देणार नाहीत, कारण वचने देणाऱ्यांवर त्यांनी आत्ताच टीका केली आहे. आधी मूळ साक्ष काढून वाचीन, मग ठरवीन.

ते बरोबरच होते. त्यांनी कोणाच्याही शब्दावर कधी विश्वास ठेवला नव्हता, म्हणून तर त्या बोळात शिरले होते.

परतीच्या बसमध्ये दाऊद खिडकीशी बसला. शाल खर्डे यांनी त्याच्या मांडीवर ठेवली होती. त्याने तिची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली, पण पांघरली नाही. विळद गेले, राहुरी गेली. बावीस वर्षे गप्प राहिलेल्या माणसाला आता घाई करण्याचा अधिकार नाही, हे खर्डे यांना कळत होते.

“मला ठावं हुतं,” दाऊद शेवटी खिडकीकडेच पाहत म्हणाला. “मी वरडलो हुतो ते मला कसं ठावं नसंल? वाटायचं, आज सांगत्याल, उद्या सांगत्याल. मग तुमी रिटायर झालं.”

“हो.”

“मिरजगावला लोक चांगलं हुतं. पन अम्मी गेली तवा मी तिकडं हुतो. रात्री येष्टी नव्हती. सकाळी पोचलो, तर लोक मातीवरनं माघारी येत हुते.”

हा मीटर कुठल्याही आकड्यातून वजा होणार नव्हता, तो तसाच धरून पुढचे मोजावे लागणार होते. आणि तरी – हे खर्डे यांना स्वतःशी मान्य करायला संकोच वाटत होता – छातीत हलके वाटत होते, इतके की प्रवरेचा पूल आला तेव्हा पाण्यावरचे तिरपे ऊन पाहून त्यांना मोठ्याने हसावेसे वाटले. आनंद आणि अपराध एकाच भिंतीच्या दोन बाजू असाव्यात तसे शेजारी उभे होते.

बस थांबली. दाऊद उतरला, चार पावले गेला, मग वळला.

“एक सांगा, रावसाहेब. आता मीटरभाई ऱ्हायलो का न्हाई? पोराच्या दुकानावर बोर्ड हाय.”

“ते तू ठरव. तुम्ही ठरवा.”

“आता पुन्ना तुमी म्हनू नका, लोक बघत्यात.” त्याने शाल काखेत मारली. ओठाच्या कडेला काही तरी हलले. हसू होते की नव्हते, हे इतक्या अंतरावरून सांगता येण्यासारखे नव्हते. “उद्या धाला टेप घिऊन या. बोर्ड नवा करायचा का जुना ठिवायचा, मागनं बघू. माप तर घिऊन ठिवू.”

घरी मनकर्णाबाईंनी विचारले, भाषण कसे झाले. विसरलो, ते म्हणाले, आणि त्यांच्या आनंदी चेहऱ्याकडे पाहून मनकर्णाबाईंनी पुढे काही विचारले नाही.

संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. त्यांनी टेबल पुसले, कोरा कागद समासाला समांतर ठेवला, पेन्सिलीने दोन फिकट मार्गरेषा आखल्या. उद्या दहाला दाऊद टेपचे टोक कुठे धरील, ओरडेल की ओरडणार नाही… हे कळायला अजून एक रात्र होती, आणि तिची त्यांना घाई नव्हती. अक्षर आज कसे येते आहे याकडे त्यांचे लक्ष गेले नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. पुस्तकाचे नाव, पान, ओळ लिहून झाल्यावर त्यांनी खाली एवढेच लिहिले:

चूक: एक मीटर. चूक करणारे: १.